वादी लाल, प्रतिवादी हिरवं

रविवारी सकाळी आमच्या शेजारच्या घरात पडदे ओढले जातात, पंखा दोनवर येतो आणि काळा कोट घातलेला एक म्हातारा माणूस दोन कॉम्प्युटरांच्या मधोमध खुर्ची टाकून बसतो. चष्मा पुसतो. घसा साफ करतो. मग डावीकडं बघून खणखणीत आवाजात विचारतो, “वादी हजर?”

कॉम्प्युटर काय बोलणार? त्याचा पंखा तेवढा घुर्र करतो.

“प्रतिवादी हजर?” उजवीकडनं घुर्र.

“चला, कामकाज सुरू.”

हे आमचे वकीलआप्पा. हिंडलग्याचं नाव काढलं की लोकांना आधी जेल आठवतं, त्यामुळं आम्ही जेलच्या बाहेर राहतो हे दर वेळी सांगावं लागतं. त्याच हिंडलग्यात आमचं आणि आप्पांचं घर भिंतीला भिंत लावून आहे. आप्पा मूळचे निपाणीकडचे. जन्मभर बेळगावच्या कोर्टात बांधाच्या आणि भावाभावांच्या वाटणीच्या केसी चालवल्या. बांध हातभर सरकला म्हणून कंग्राळीचे सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांना एका ताटात जेवायला बसवलेला हा माणूस. आता कोर्टात जाणं जवळजवळ बंद. त्यामुळं सगळी वकिली एकाच खटल्यावर खर्च होते. गेम खेळायला लाल कंपनीचं ग्राफिक्स कार्ड चांगलं की हिरव्या कंपनीचं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेम खेळताना पडद्यावर जे हलतं, ती खरं तर एकामागनं एक पटापट काढलेली चित्रं असतात. ती काढायचं काम ह्या कार्डाचं. एका सेकंदात जितकी चित्रं, म्हणजे फ्रेम, जास्त, तितका खेळ सरसर चालणार. कमी पडल्या की घोडा पळता पळता गचके खाणार. बाजारात दोन कंपन्यांची भांडणं. आप्पा त्यांची खरी नावं घेत नाहीत. पक्षकाराचं नाव घेतलं की मन एका बाजूला झुकतं म्हणे. म्हणून खोक्याच्या रंगावरनं एक लाल, एक हिरवं. मध्यंतरी तिसरी निळी कंपनीही आली, तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, “त्यांना म्हणावं, आधी त्रयस्थ म्हणून अर्ज करा. मग बघू.”

आणि गंमत म्हणजे ते स्वतः हौसेनं कधी गेम खेळत नाहीत. “न्यायाधीशानं पक्षकाराच्या घरी जेवू नये रं,” असं त्यांचं म्हणणं.

ह्या खटल्यात मी कसा सापडलो? मी उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर काम करतो. दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज ऐकून डोकं भणभणलं की संध्याकाळी मला तासभर गेम लागतो. चाळिशी उलटली म्हणून काय झालं? कुणी पत्ते कुटतं, कुणी कट्ट्यावर बसून राजकारण करतं, मी मोटारी पळवतो. गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या जुन्या कार्डाचा पंखा ग्राइंडरसारखा किंचाळला आणि पडदा काळा झाला तो झालाच.

माझी बायको सुजाता म्हणाली, “घ्या नवं. पण एकदाच. चुकलं तर परत तोंड उघडायचं न्हाय, आधीच सांगते.”

आता आली का पंचाईत! एकदाच घ्यायचं म्हणजे बरोबरच घ्यायला पाहिजे. कंपनीतला एकजण म्हणाला लाल घे, दुसरा म्हणाला हिरव्याला तोड न्हाय, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या दोघांचं असं जुंपलं की सुपरवायझरला मध्ये पडावं लागलं. मी म्हटलं, कशाला की ही उठाठेव? भिंतीपलीकडं अख्खं कोर्ट बसलंय.

गेलो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अर्ज दाखल करून घेतला. रविवारी ये, बाळू.”

“आप्पा, नुसतं सांगा की, कुठलं घेऊ ते.”

“दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय? मी काय चावडीवरचा पुढारी हाय व्हय?”

पहिल्या रविवारी मला कामकाजाची पद्धत समजावण्यात आली. गेम एकच. कुठलंसं जुन्या काळातलं परदेशी शहर. पूल ओलांडायचा, बाजारपेठेत शिरायचं आणि गर्दीतनं वाट काढत पलीकडच्या पायऱ्या गाठायच्या. वादीवर मी, प्रतिवादीवर आप्पा. दोघांनी एकदम निघायचं, एकदम पोचायचं. मग खुर्च्या बदलून परत तेच. ह्याला उलटतपासणी म्हणायचं. त्या बाजारपेठेचं नाव आप्पांनी बेळगावच्या बाजारावरनं गणपत गल्ली ठेवलंय. कारण तिथं मुंगीला वाट मिळत नाही आणि तिथंच भल्याभल्या कार्डांचा दम तुटतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण आप्पा कीबोर्डवर एक बोट असं मारतात, जणू वकालतनाम्यावर शिक्का मारताहेत. त्यांचा पडद्यावरचा तलवारबाज पूल सोडून नदीत. परत सुरुवात. मग तो भाजीवालीच्या टोपल्यांवर चढला. आप्पा पडद्याला हात जोडून म्हणाले, “चुकलं हं बाई.” तेवढ्यात पहारेकऱ्यांनी त्याला धरून झोडपला आणि मी एकटाच पायऱ्यांवर उभा.

“प्रतिवादीचा साक्षीदार जखमी,” आप्पा म्हणाले. “पुढची तारीख.”

“परत एकदा जाऊ की आता लगेच.”

“जखमी साक्षीदाराला लगेच उभा करतोस? माणुसकी हाय का न्हाय? नाळे बा.”

नाळे बा म्हणजे कानडीत उद्या ये. आमच्या भागात पूर्वी भूत परत जावं म्हणून दारावर हे लिहायचे. ते बिचारं रोज येणार, वाचणार आणि उद्यावर जाणार. त्या दिवाळीपासनं ते भूत मीच होतो. आप्पांचं उद्या म्हणजे मात्र पुढचा रविवार.

नियम तर विचारू नका. खिडकी उघडायची नाही, कार्डाला वारा लागतो. पंखा दोनवरच. मोबाइल बाहेरच्या खोलीत. एकदा सुजातानं प्रेमानं गरम पोहे पाठवले तर आप्पा उभे राहिले, “हरकत! खोलीचं तापमान वाढतंय!” पोह्यांची ताटली व्हरांड्यात गेली. कामकाज तहकूब झाल्यावर मात्र तिथं जाऊन शेवटचा शेंगदाणा खाईपर्यंत आप्पा उठले नाहीत. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे गेमच्या सेटिंगच्या पानाला हात लावायचा नाही. “ते कोर्टाच्या ताब्यात हाय,” असं म्हणून माऊस स्वतःच्या हातात. मी आपला मोटारी पळवणारा. हा तलवारींचा गेम मला नवा. मी कशाला त्या पानात डोकं घालतोय?

तरी मी मधनंमधनं घाई करायचो. “आप्पा, हिरव्याच्या फ्रेमची सरासरी बघा की. किती वर गेलीय!”

लगेच तर्जनी वर. “सरासरी नगं सांगू. सगळ्यात खाली कुठवर गेलं ते सांग.”

हे त्यांचं पालुपद. कार्ड रिकाम्या रस्त्यावर किती पळतंय ह्याचं त्यांना कौतुक नाही. गर्दीत, धुरात, मारामारीत ते किती खाली येतं ते बघायचं. “चांगल्या दिवशी कोण बी चांगलाच असतोय रं. वाईट दिवशी माणूस कुठवर घसरतोय ते बघून पोरगी द्यावी.” हा नियम ते सगळीकडं लावतात. भाजीवाल्याला विचारतात, “सगळ्यात किडकं वांगं दाखव बघू.” भाजीवाला वैतागतो, पण दाखवतो.

कामकाजानंतर चहा. आप्पांच्या चहात आलं इतकं की कान गरम होतात. आणि त्या चहाबरोबर ज्या गप्पा सुरू व्हायच्या, त्यांना ना पंखा दोनवर, ना खिडकी बंद. वाटणीत एका भावानं म्हैस आणि दुसऱ्यानं रेडकू मागितलं ती केस, साक्षीदारानं वकिलाच्याच डब्यातलं जेवण खाल्लं ती केस. मी हसून हसून बेजार व्हायचो. घरी यायला दुपार व्हायची.

खटला मुळात कुणी घातला हेही मला अशाच एका चहाला कळलं. म्हणजे अर्धं मला ठाऊकच होतं. आप्पांचा पोरगा नंदू आणि त्याचा दोस्त मंजुनाथ हे दोघं कॉलेजात असताना त्याच खोलीत ही दोन मशीनं मांडून बसायचे. नंदूचं लाल, मंजूचं हिरवं. चांगलं कुठलं ह्यावर मराठी-कानडीत अशी भांडणं की आमच्या सोप्यात ऐकू यायचं. रविवारी तर दहाबारा पोरं. काकू, म्हणजे आप्पांची बायको, घमेलंभर उप्पीट करायच्या. आप्पा आतनं ओरडायचे, “कोर्टाचा मासळीबाजार केलाय व्हय रं!” मग दोघांनाही बेंगळूरला नोकऱ्या लागल्या. काकू गेल्या. मशीनं राहिली.

“पक्षकार गेले, खटला राहिला,” आप्पा म्हणाले. “अर्धवट कसा सोडायचा?”

दर दिवाळीला नंदू दोन्ही पक्षांची नवी कार्डं पाठवतो. “पोरगं येतंय कुठं रं, कार्ड येतंय,” असं एकदाच म्हणाले आणि साखर बघायला आत गेले. साखर समोरच होती.

तारखा चालूच. दिवाळी गेली, संक्रांत गेली. जरा निकाल जवळ आलासं वाटलं की कुठली तरी कंपनी इंटरनेटवरनं कार्डासाठी नवा प्रोग्राम पाठवायची. आप्पांच्या तोंडावर असा आनंद! “नवा पुरावा दाखल झालाय. पहिल्यापासनं ऐकायला पाहिजे.” आणि परत पूल, परत गणपत गल्ली, परत चुकलं हं बाई.

निकालाच्या दिवशी बेळगावचा कुंदा, म्हणजे आमच्याकडची खव्याची मिठाई, देणार, असं आप्पांनी पहिल्या दिवशी कबूल केलेलं. कुंद्याचा पत्ता नाही. घरात माझं मशीन आंधळं होऊन पडलेलं. होळीला सुजाता म्हणाली, “अवो, सीमेचा प्रश्न सुटंल, पण तुमचं कार्ड काय येत न्हाय.”

माझं डोकंच सरकलं. त्या रविवारी ठरवून गेलो की आज निकाल घ्यायचा नाहीतर अर्ज मागं घ्यायचा. कामकाज नेहमीसारखं झालं. आप्पांचा तलवारबाज घोड्यावर उलटा बसला आणि तारीख पडली. ते चहा टाकायला आत गेले. मी चिडून बसलेलो. समोर ते सेटिंगचं पान अर्धवट उघडं राहिलेलं. म्हटलं, बघू तरी, कोर्ट काय लपवतंय.

आणि तिथं एक बटण. स्वयंचलित चाचणी.

दाबलं. तर काय! पडदा आपोआप सुरू झाला. पूल, बाजार, पायऱ्या. ना माऊस, ना बोट. कुणी नदीत पडलं नाही, कुणी टोपलीवर चढलं नाही. शेवटी पडद्यावर सगळे आकडे मांडून आले, सरासरी, सगळ्यात खालचे, सगळे. मी पलीकडच्या मशीनवरही दाबलं. आतल्या चहाला उकळी यायच्या आत दोन्ही बाजूंचा पुरावा संपूर्ण!

आप्पा ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा मी उभाच होतो.

“आप्पा, हे काय हाय?”

त्यांनी पडद्याकडं बघितलं. ट्रे हळूच खाली ठेवला.

“बटण दाबलं की होतंय हे! आपण दिवाळीपासनं गणपत गल्लीत मरतोय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं की.”

“मग? दाबायचं न्हाय व्हय ते?”

आप्पा खुर्चीत बसले. कोटाची बाही उगीच सारखी केली.

“बटण चहा पीत न्हाय रं, बाळू.”

रागानं आलेलो, राग कुठं ठेवू कळेना. आप्पांनीच सावरलं. उठून कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, “बस. निकाल देतो.”

निकाल मात्र असा दिला की ऐकत राहावं. “हिरवं उंच उडतंय, ह्यात वाद न्हाय. पण ह्या गेमात, गर्दीत शिरलं की घसरतंय. लाल वर तेवढं जात न्हाय, पण एवढं खाली बी येत न्हाय. अर्जदार दिवसभर राबून घरी येतोय. त्याला तासभर सुखाचा पाहिजे, मध्येच गचका नगं. सबब अर्जदारानं लाल घ्यावं.”

“हे कवा ठरवलंत?”

“दुसऱ्याच तारखेला.”

मग फ्रिजमधनं कुंद्याचं खोकं आणलं. ताजं. मी खोकं उलटंसुलटं करून बघितलं. तर म्हणाले, “दर शनिवारी आणतोय. निकाल द्यायचाच म्हणून आणतोय. तू आलास की देववत न्हाय. मग आठवडाभर मीच खातोय. डॉक्टरला सांगू नगंस.”

मी कुंदा खाल्ला. आप्पांनी दोन्ही मशीनं बंद केली आणि जुन्या साडीची, काकूंनी शिवलेली झाकणं त्यांच्यावर घातली, कडा नीट ओढून. “जा आता. सुजाता वाट बघत असेल. निकाल लागला की पक्षकारानं रेंगाळायचं नसतंय.”

मी लाल कार्ड घेतलं. आप्पांचा निकाल खरा निघाला. एक गचका नाही. आठवडाभर मी मोटारी अशा पळवल्या की सुजातानं दोनदा जेवायला हाक मारून ताट झाकून ठेवलं.

मग रविवार आला. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतनं आप्पांची खोली आणि व्हरांडा दिसतो. पडदे ओढलेले नव्हते. पंखा बंद. आप्पा व्हरांड्यात बसलेले. नुसत्या शर्टावर. मी दाढी करून आलो तरी तसेच. अंघोळ करून आलो तरी तसेच.

सुजाता माझ्या मागं येऊन उभी राहिली. “रविवारचंच तुम्ही बघत होता. मी रोज बघते की. सोमवार ते शनिवार असेच बसत्यात ते.”

वाईट दिवशी माणूस कुठवर खाली जातोय ते सांग, असं मला शंभरदा ऐकवलं त्या माणसानं. आणि मी शेजारी असून त्याचं फक्त रविवारचं हसणं बघून घरी येत होतो. मला लई वाईट वाटलं. मी सरळ आत गेलो, मशीन उघडलं, चांगलं चाललेलं कार्ड काढलं आणि खोक्यात घातलं.

“आता काय केलासा?” सुजाता ओरडली.

“अपील.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पोहे भिजवायला घेतले.

आप्पांनी मला खोक्यासकट येताना बघितलं आणि ताठ झाले. “काय रं? बिघडलं?”

“निकाल मान्य न्हाय, आप्पा. अपील करायचंय.”

“कारण?”

“गर्दीत अडखळतंय.”

चष्म्यावरनं ते माझ्याकडं बघत राहिले. जन्मभर खोट्या साक्षी ऐकलेला माणूस. माझी साक्ष तर बांधावरच्या पोरानंही ओळखली असती.

“शपथेवर सांगतोस?”

“शपथेवर.”

“खोटी साक्ष गुन्हा हाय. ठाऊक हाय न्हवं?”

“ठाऊक हाय.”

त्यांचा आवाज जरा बसला. “पण माझ्याच निकालावरचं अपील मी कसं ऐकू रं? वरचं कोर्ट लागतंय त्याला.”

तेवढ्यात सुजाता वाफाळत्या पोह्यांची परात घेऊन व्हरांड्यात चढली. “मी ऐकते की. घरात बी मीच हाय वरचं कोर्ट.”

“हे बाकी खरं,” मी म्हणालो.

आप्पांनी परातीकडं बघितलं. हरकत येणार असं मला वाटलं. हरकत आली नाही. त्यांनी सरकून तिला जागा दिली.

“हिताच खोटं हाय समदं,” सुजाता म्हणाली. “ह्या मशीनवर चाललं म्हणून आमच्या मशीनवर चालतंय व्हय? पाहणी आमच्या घरात व्हायला पाहिजे. उद्या संध्याकाळी. आप्पा, नाळे बा.”

आप्पा हसले. पण डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

रात्रीच मी कार्ड परत बसवलं आणि तो तलवारींचा गेमही घातला, पण दुसऱ्या दिवशी मला कामावरनं सुटायला उशीर झाला. घाईघाईनं घरी आलो तर दारात ओळखीच्या चपला. आत सोप्यात माझ्या मशीनसमोर माझ्याच खुर्चीत वकीलआप्पा, अंगात काळा कोट. आमचा पंखा दोनवर. स्वयंपाकघरातनं आल्याचा वास.

“अर्जदार गैरहजर म्हणून अपील फेटाळणारच होतो आम्ही,” ते म्हणाले. “वरच्या कोर्टानं मला दोनदा चहा दिलाय. बस आता. आज पुलावरनं आधी मी.”